गिरणीची कथा सहाव्या पानावर का थांबते?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ३४ वर्षांचे आहेत, सहकारी बँकेत नोकरी करतात, घरी तीन वर्षांची मुलगी आहे. गेल्या ५ वर्षांत त्यांनी १४ कथा लिहायला घेतल्या आणि एकही पुरी झाली नाही. रोज लिहायची शिस्त कशी लावू, एखाद्या लेखन कार्यशाळेचे पैसे भरू का, आणि दिवाळी अंकात कथा यायला ओळख लागते का, असं त्यांनी विचारलंय. सोबत वडिलांच्या पिठाच्या गिरणीवरच्या कथेची सुरुवातही दिली आहे.

सुरुवात वाचली. चांगली आहे. पट्ट्याची फटफट, भुवयांवर बसलेलं पीठ, 'आधी बाजरी दळलीय का? मग माझा गहू थांबवा' म्हणणाऱ्या बायका. हे ज्यानं पाहिलंय त्यालाच लिहिता येतं. म्हणून तुमच्या लिखाणाला आडवं काय येतंय ते शोधायचं, तर ते शिस्तीच्या बाजूला सापडणार नाही. नोकरी आणि लहान मूल सांभाळून वर्षाला जवळजवळ तीन कथा सुरू करणारा माणूस आळशी नसतो. तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, ते मला महत्त्वाचं वाटलं: 'कथा साधारण पाच-सहा पानांवर थंडावते.' सगळ्या चौदा. आळस असता तर एखादी दुसऱ्या पानावर सुटली असती, एखादी दहाव्या. सगळ्या एकाच वळणावर बंद पडतात, तर दोष त्या वळणात आहे.

तिथे काय होतं ते सांगते. पहिल्या पाच पानांत आपल्याला जे ठाऊक असतं ते सगळं येऊन जातं. घर, गल्ली, आवाज, वास, माणसाच्या लकबी. हा साठा पाच पानं पुरतो. सहाव्या पानावर कुणीतरी काहीतरी करायला हवं असतं, आणि ते काय करणार हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं. मग आपण म्हणतो, मूड गेला. आणि नवी वही काढतो, कारण नव्या कथेची पहिली पाच पानं पुन्हा सोपी असतात.

सल्ला कुठून येतोय ते कळावं म्हणून स्वतःबद्दल थोडं. मी ३१ वर्षं एका सरकारी कार्यालयात आरेखक होते. कालव्यांचे आणि बुडीत जमिनींचे नकाशे काढायचे, हे काम. कथा २७ वर्षं लिहितेय. दोन संग्रह निघाले, दोन्ही मिळून १९ कथा. यावरून माझ्या वेगाचा अंदाज करा. 'रोज हजार शब्द' सांगणाऱ्यांतली मी नव्हे.

सहाव्या पानाचा माझा धडा असा. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फारच उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं. लोक बघायला जातात, मीही गेले होते. गाळाला पडलेल्या भेगा, दगडांवर वाळलेलं शेवाळ. घरी येऊन झपाटल्यासारखी चार पानं लिहिली: एक म्हातारा दर उन्हाळ्यात आपलं बुडालेलं गाव बघायला येतो. गाव आणि धरण, दोन्ही बिननावाची ठेवली. पाचव्या पानावर कथा बसली ती तीन वर्षं बसली. म्हातारा यायचा, बघायचा, उसासा टाकायचा. आणखी करणार काय? मी उसासे बदलून पाहिले. त्याला नातू दिला, नातवाला प्रश्न विचारायला लावले. सगळं नुसतं गोड होत गेलं.

सुटका झाली ती ऑफिसात, जुन्या घरांच्या मापांची एक यादी चाळताना. आपल्याकडे जुनं घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, मोजतात: तीन खणी, पाच खणी. मनात आलं, या म्हाताऱ्याचं घर पाच खणी होतं आणि मोबदल्याच्या यादीत तीन खणी लागलं असेल तर? मग तो देऊळ बघायला येत नाही. तो टेप घेऊन येतो. पाणी पुन्हा चढायच्या आत, पंधरा दिवसांत, त्याला गाळातून घराचं जोतं शोधायचंय आणि मोजायचंय. तीस वर्षांनी पैसे वाढून मिळणार नाहीत हे त्यालाही कळतं. पण जेवताना मुलगा म्हणालाय, 'तुमचं पाच खणांचं पुराण आता पुरे.'

त्यानंतर कथा अकरा दिवसांत पुरी झाली. शेवटी माप भरलं चार खणांचं. यादीतले तीन खोटे आणि म्हाताऱ्याचे पाचही खोटे. हा शेवट मला लिहिता लिहिता सापडला. आधी ठरवून बसले असते तर मी दयाळूपणे त्याला पाच खण देऊन टाकले असते.

तेव्हापासून कथा अडली की मी वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहिते. या माणसाला आत्ता, या आठवड्यात, काय हवंय? ते मिळवायला त्याच्याकडे वेळ किती? आणि आड कोण येतंय, त्याला स्वतःचं काय कारण आहे? तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा भाग मी फार वर्षं विसरत होते. आड येणाऱ्याला स्वतःचं कारण नसेल तर तो खलनायक होतो आणि कथा मालिकेसारखी दिसायला लागते. माझ्या कथेतला मुलगा बापाला तोडून बोलतो, कारण लहानपणापासून त्यानं 'आपलं केवढं होतं' हेच ऐकलंय आणि तो दोन खोल्यांत वाढलाय.

कुणी म्हणेल, सगळ्याच कथा अशा नसतात. खरं आहे. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी मराठी कथा बदलली, तेव्हा घटनांच्या साखळीपेक्षा माणसाच्या मनात काय चाललंय याला जास्त जागा मिळाली. पण तशी कथा नीट वाचली तर तिथेही माणूस काहीतरी टाळत असतो, लपवत असतो, कशाची तरी वाट बघत असतो. हवंसं काहीतरी असतंच, फक्त ते मोठ्यानं बोललेलं नसतं. तुम्ही पहिली पुरी कथा करताय, तेव्हा ते थोडं मोठ्यानं बोललेलं बरं.

आता पुरी करण्याबद्दल, कारण माझ्या मते तुम्हाला लावून घ्यायची सवय ही आहे. रोज लिहायची सवय त्यामानानं दुय्यम. अर्धवट कथा दुरुस्त करता येत नाही, कारण शेवट कळल्याशिवाय सुरुवात कोणती हवी होती हे कळायला मार्ग नसतो. माझ्या म्हाताऱ्याच्या कथेची ती पहिली दोन पानं, भेगा नि शेवाळ नि देऊळ, ज्यांच्यासाठी मी कथा लिहायला घेतली होती, कथा पुरी झाल्यावर गेली. देऊळ आता अर्ध्या वाक्यात आहे. कथा सुरू होते ती म्हातारा दुकानात टेपची किंमत विचारतो तिथून. हे मला तीन वर्षं दिसलं नाही आणि शेवट झाल्यावर एका संध्याकाळी दिसलं. तेव्हा तुमची पंधरावी कथा सुरू करू नका. चौदातली एक घ्या आणि वाईट तर वाईट, पण शेवटच्या पूर्णविरामापर्यंत न्या.

वेळेचं म्हणाल तर ते प्रत्येकाच्या घरावर आहे. मूल केव्हा झोपतं, बँकेत मार्चअखेर कशी जाते, घरात दार लावून बसता येतं का, यावर तुमचं वेळापत्रक ठरेल. माझ्या घरावरून तुमचं ठरवू नका. मला जे उपयोगी पडलं त्यामागचं कारण तेवढं घ्या.

आमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे पावणेपाचला यायचं आणि साडेपाचला जायचं. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या. एक पिंप भरायला अकरा मिनिटं लागायची. ती अकरा मिनिटं नळाशी थांबावंच लागे, दुसरं काही करता येत नसे आणि घर झोपलेलं असे. मी पायरीवर बसून लिहायचे. ऑफिसातल्या फुकट गेलेल्या अमोनिया प्रिंटची, म्हणजे नकाशाच्या छापील प्रतीची, पाठकोरी बाजू हा माझा कागद. त्याचा वास अजून नाकात आहे. अकरा मिनिटांत सहा-सात ओळी होत. पिंप वाहायला लागलं की वाक्य अर्धं टाकून उठावं लागे. याचा फार फायदा झाला. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा प्रश्नच पडायचा नाही, कालचं अर्धं वाक्य वाट बघत असायचं.

पुढे आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो. गच्चीवर टाकी, चोवीस तास पाणी. मला वाटलं आता निवांत लिहीन. आठ महिने एक ओळ लिहिली नाही. माझी सवय पहाटेला चिकटलेली नव्हती, नळाला चिकटलेली होती. शेवटी ऑफिसच्या बसच्या थांब्यावरची पंधरा मिनिटं धरली, तेव्हा पुन्हा सुरू झालं. आणि गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, दिवसभर वेळ मिळाला, तर लिखाण निम्म्यावर आलं. तेव्हा मोकळ्या वेळेची वाट बघू नका. रोज आपोआप होणारी, थांबायला लावणारी एखादी गोष्ट शोधा आणि वही तिथे ठेवा. वही की मोबाइल, या वादात मी पडत नाही. मोबाइलवर बोलून मजकूर उतरवणारी सोय मी वापरून पाहिली: संवादांना बरी, निवेदनाला वाईट, कारण बोलताना आपण फार 'म्हणजे' म्हणतो.

जरा कसबाकडे येते, कारण तुमच्या सुरुवातीत मला एकच गोष्ट खरी खटकली: तुमची सगळी माणसं सारखं बोलतात. मराठीत संवाद लिहिणाऱ्याला काही गोष्टी फुकट मिळतात आणि आपण त्या वापरत नाही. 'कधी आलीस?' 'मघाशीच आले. तू होतास कुठे?' या दोन ओळींत एक बाई आहे, एक पुरुष आहे, दोघं अरे-तुरेत आहेत, आणि 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' एकदाही लागलं नाही. लागेल तिथे 'म्हणाला'च लिहा. 'उद्गारला', 'वदला', 'पुसता झाला' यांना विश्रांती द्या.

दुसरं, तू आणि तुम्ही. वाटणी झाल्यावर महिन्याभरानं थोरला भाऊ धाकट्याच्या घरी येतो. आधी धाकटा म्हणायचा, 'दादा, बस जेवायला.' आता म्हणतो, 'दादा, बसा जेवायला.' एका कान्याचा फरक आहे. त्यावर 'दोघांत आता दुरावा आला होता' असं वाक्य लिहिलंत तर तो काना वाया गेला. तुमच्या गिरणीवर माणसं वडिलांना काय म्हणतात? शेठ, काका, नुसतं आडनाव, की 'ओ गिरणीवाले'? कोण काय म्हणतं हे एका कागदावर लिहून काढा. त्यातच अर्धं गाव उभं राहील.

बोलीबद्दल सावध राहा. पात्राचा प्रत्येक शब्द उच्चाराप्रमाणे लिहायला गेलात तर वाचक अडखळतो. त्या माणसाच्या बोलण्यातल्या तीन-चार खुणा निवडा आणि शेवटपर्यंत सांभाळा. जी बोली कानात नाही तिच्या वाटेला जाऊ नका. मी एका कथेत मालवणी बाई आणली होती, ऐकीव माहितीवर. कुडाळहून एका वाचकाचं कार्ड आलं: 'तुमची बाई दोन ओळी मालवणी बोलते आणि तीन ओळी पुणेरी. तिला नक्की कुठे दिलीय?' ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. ती कथा संग्रहात घेतली नाही.

पुनर्लेखन. ऑफिसात शाईनं काढलेल्या ट्रेसिंगवर, म्हणजे पारदर्शक कागदावरच्या नकाशावर, चूक झाली की आम्ही अर्ध्या ब्लेडनं ती रेघ हलक्या हातानं खरवडायचो. एकाच जागी दोनदा खरवडता येतं. तिसऱ्यांदा कागद फाटतो, मग नवी शीट घ्यायची. कथेचंही मी तसंच करते. दोनदा त्याच प्रतीवर खाडाखोड, तिसऱ्यांदा जुनी प्रत समोर ठेवून पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहून काढायचं. जी वाक्यं पुन्हा लिहायचा कंटाळा येतो ती बहुधा नको असतात. दोन प्रतींच्या मध्ये तीन आठवडे तरी जाऊ द्या, आणि मोठ्यानं वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. 'होता, होती, होतं' एका परिच्छेदात आठ वेळा आलं तर ते कानाला कळतं, डोळ्याला कळत नाही.

दुसऱ्या कुणाची नजरही लागते. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडलं तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे मला तो अनुभव नाही. पण तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांवरून कथा पुन्हा पुन्हा लिहिणारे लेखक त्या मासिकानं घडवले, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आज तेवढा वेळ देणारा संपादक क्वचित भेटतो. त्याऐवजी दोन वाचक शोधा. बायको नको, लिहिणारा मित्रही नको. माझी एक वाचक पोस्टात होती, दुसरे गणिताचे शिक्षक. त्यांना 'कशी वाटली' असं कधी विचारायचं नाही, 'छान' एवढंच हाती लागतं. 'कुठे कंटाळा आला?' आणि 'कुठे मागचं पान उलटून बघावं लागलं?' एवढंच विचारायचं. दोघांनी एकाच पानावर बोट ठेवलं तर ते पान पडलेलं आहे. तिथे काय करायचं हे मात्र त्यांचं ऐकू नका, तो उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो.

कार्यशाळेचं उत्तर सोपं आहे. पैसे भरण्याआधी एकच विचारा: माझी कथा कुणी ओळीओळीनं वाचून देणार आहे का? हो असेल आणि परवडत असेल तर जा. नुसती व्याख्यानं असतील तर त्या पैशांत वाचनालयाची बरीच वर्षांची वर्गणी होते. आवडलेली एक कथा घ्या आणि हातानं उतरवून काढा, अख्खी. कंटाळवाणं काम आहे. पण लेखकानं कुठली गोष्ट सांगितलीच नाही, हे वाचताना निसटतं आणि उतरवताना हाताला कळतं.

राहिला दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून नव्या कथालेखकाचं हेच मोठं दार आहे. ओळख असली तर कथा लवकर वाचली जाते, एवढं खरं. ओळख नसताना वेळ सांभाळावी लागते. नावाजलेल्यांना पत्रं उन्हाळ्यातच जातात आणि पावसाळ्यात अंक भरत येतात. गणपतीच्या सुमाराला कथा पाठवून उपयोग नाही. मी अनोळखी होते तेव्हा जूनमध्ये पाठवायचे. युनिकोडमध्ये टाइप करा, ईमेलात चार ओळींपेक्षा जास्त लिहू नका, शब्दसंख्या द्या, आणि एक कथा एका वेळी एकाच अंकाला. पोच येईलच असं नाही. मानधन कुठे मिळतं, कुठे अंकाची प्रत मिळते. त्या टेपवाल्या म्हाताऱ्याची कथा सात ठिकाणांहून परत आली आणि आठव्या ठिकाणी लागली. त्या सातांपैकी एकानं लिहिलं होतं, 'शेवट गोंधळात टाकतो, पाच खण भरले असते तर बरं झालं असतं.' मी दोन दिवस विचार केला, आणि चार खण तसेच ठेवले.

तर आता तुमची गिरणी. तुम्ही दिलेल्या सुरुवातीत, शेवटून तिसऱ्या ओळीत, एक बाई आहे. दर गुरुवारी चार किलो ज्वारी आणते आणि वडील तिच्याकडून दळणाचे पैसे घेत नाहीत. तुम्ही तिला एका ओळीत उरकलंत आणि पुन्हा पट्ट्याच्या आवाजाकडे वळलात. मी तिथेच थांबले. हे किती वर्षं चाललंय? आईला माहीत आहे का? वडील तापानं पडले आणि गुरुवारी गल्ल्यावर मुलगा बसलेला आहे, बाई पिशवी पुढे करते. तो पैसे मागेल का? मागितले तर ती देईल, की काही न बोलता पिशवी उचलून जाईल? आणि रात्री वडील अंथरुणातून विचारतील, 'आज कोण कोण येऊन गेलं?'

त्या गुरुवारपासून लिहायला घ्या, दहा-बारा पानांत संपवा. आणि भुवयांवरचं पीठ एवढ्याशा सुरुवातीत तीनदा आलंय. त्यातलं दोनदा काढा.